गिटार मॉडेलर : खेड्यातले घरगुती शिक्षण (विदर्भ)

पेडल, ट्यूबचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प, स्पीकरची पेटी आणि पेटीसमोर लावलेला माइक, अशी इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाची अख्खी साखळी गणिताने उभी करणारे उपकरण म्हणजे गिटार मॉडेलर. पिकअपमधून (तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या गिटारवरच्या भागातून) आलेल्या विजेच्या लहरीचे तो सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घेतो. अनेक यंत्रांत हा आकडा ४८,००० असतो. रोलँडचे व्हीजी-८ (१९९५) आणि लाइन ६ या कंपनीचे पॉड (१९९८) यांनी ही कल्पना रुळवली. पुढे लाइन ६ च्याच हेलिक्ससारख्या (२०१५) यंत्रांत शेकडो अ‍ॅम्प आणि इफेक्ट पायाखालच्या एका पाटीत आले.

विदर्भातल्या खेड्यात हे यंत्र शिकणाऱ्याने खरा ट्यूब अ‍ॅम्प बहुधा कधी ऐकलेला नसतो. त्याच्या कानावर गिटार पडते ती भीमगीतांच्या कार्यक्रमात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, देवीच्या मंडपात, नाहीतर मोबाइलवर. म्हणजे प्रत्येक वेळी मिक्सरमधून, साउंडवाल्याच्या बॉक्समधून किंवा रेकॉर्डिंगमधून. याची त्याला उगाच खंत वाटते. मॉडेलर घडवतो तो आवाजही माइकने टिपलेल्या अ‍ॅम्पचाच असतो. वर्षानुवर्षे अ‍ॅम्पसमोर उभे राहून वाजवलेल्यांना ‘खोलीत भरणारा आवाज येत नाही’ ही चुटपुट छळते. खेड्यातल्या मुलाला ती नसते. त्याचा कान आधीपासून योग्य जागी असतो.

पहिली ठेच बहुधा कॅबिनेटपाशी, म्हणजे स्पीकरच्या पेटीपाशी लागते. गिटार अ‍ॅम्पमधला १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे स्वर फारसे सोडतच नाही. मॉडेलरमधला कॅबिनेटचा ब्लॉक (साखळीतला तेवढा भाग) बंद ठेवून वायर थेट होम थिएटरला किंवा हेडफोनला लावली, की डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखे वाजते. यंत्र खराब निघाले, असेच मग वाटते. ब्लॉक चालू केला की आवाज माणसाळतो. खालच्या टोकाला गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, म्हणून ८० च्या खालचे सगळे कापले तरी सूर जात नाही, फक्त घुमणे जाते. घरच्या बास वाढवलेल्या बॉक्सवर हा फरक ताबडतोब कळतो.

दुसरी अडचण रात्रीची. दिवसभर शेतात, सोयाबीनच्या सवंगणीत किंवा कपाशीच्या वेचणीत गेल्यावर सराव होतो तो सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून, हळू आवाजात. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि तीव्र स्वर दोन्ही कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले. त्यामुळे रात्री बास आणि ट्रेबल वाढवून ‘भरीव’ केलेला टोन मंचावर घुमतो आणि कानाला टोचतो. यावर उपाय एकच : टोन रात्री रचावा, पण घरची मंडळी शेतात गेली असताना दुपारी एकदा मोठ्या आवाजात तपासावा आणि तेव्हाच पक्का करावा.

सर्वांत जास्त वेळ खाते ती मात्र वीज. लाइन क्षणभर गेली तरी मॉडेलर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि सेव्ह न केलेला टोन पुसला जातो. म्हणून दर बदलानंतर सेव्ह करण्याची सवय इथे बोटांना आधी लागावी लागते. यंत्राचे सॉफ्टवेअर अपडेट करताना मध्येच लाइन गेली तर ते अडकून बसू शकते, तेव्हा हे काम इन्व्हर्टरवर करणे बरे. सराव मात्र चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर सुखाचा होत नाही. त्याची चरचर पिकअप उचलतो आणि हाय गेन, म्हणजे अ‍ॅम्पमध्ये खूप वाढवून ठेवलेला सिग्नलचा जोर, तिला कैक पटींनी वाढवतो.

‘घूं’ असा अखंड आवाज येत असेल तर आधी गिटार हातात घेऊन जागच्या जागी वळून पाहावे. दिशेनुसार आवाज कमी-जास्त झाला तर तो जवळच्या मोटारीचा, ट्यूबलाइटच्या चोकचा किंवा इन्व्हर्टरचा चुंबकीय त्रास आहे. तिथून दूर बसावे. तारांना हात लावताच आवाज थांबत असेल तर संशय शिल्डिंगवर आणि अर्थिंगवर घ्यावा. विदर्भाच्या काळ्या जमिनीला मे महिन्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग नावापुरती उरते. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पाणी टाकले की पुष्कळदा फरक पडतो. जुन्या घरांत तिसऱ्या पिनला तारच जोडलेली नसते. ते वायरमनकडून तपासून घ्यावे. आवाज घालवण्यासाठी अर्थिंगची पिन मोडणे अतिशय धोक्याचे आहे, कारण वाजवणाऱ्याची बोटे लोखंडी तारांवर असतात. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा ब्लॉक) हे सगळे उपाय झाल्यावरच लावावा आणि तोही सैल, नाहीतर लांबवलेल्या सुराची शेपटी तुटते.

शिकण्याच्या क्रमाबद्दल मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकाचे मत असे, की पहिला महिनाभर एकच अ‍ॅम्प, एकच कॅबिनेट आणि थोडा रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखी घुमणारी आस) यांपलीकडे जाऊ नये. गेन अर्ध्यावर ठेवून बोटाच्या जोराने आवाज स्वच्छ आणि खरखरीत करता आला, की त्या अ‍ॅम्पची ओळख झाली म्हणायची. तयार प्रीसेट (यंत्रात आधीच भरलेले टोन) चाळत बसणाऱ्याच्या रात्री जातात आणि हात तिथेच राहतो.

कार्यक्रमाला जाताना मॉडेलरची सोय खरी कळते. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर नाटके चालतात आणि संगीत मंचाजवळ बसून वाजवले जाते. अशा जागी अ‍ॅम्प वाहून न्यावा लागत नाही. मॉडेलरमधून एकच मोनो वायर मिक्सरला द्यायची. मिक्सरच्या माइक इनपुटला जोडायचे असेल तर यंत्राच्या सेटिंगमध्ये आउटपुट ‘लाइन’ या जोरकस पातळीवरून ‘माइक’ या हलक्या पातळीवर आणायचा, आणि हे साउंडवाल्याने फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) उघडण्याआधी करायचे.