दुभाषी आणि आंतरसांस्कृतिक प्रशिक्षक: भाषा तीच, काम वेगळं

मेळघाटातल्या धारणी किंवा गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला कोरकू नाहीतर माडिया, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषा येतात. गावात आरोग्य खात्याची किंवा संस्थेची गाडी आली की पहिली हाक त्यांनाच पडते. दिवसभर डॉक्टरचं बोलणं बायांना सांगायचं आणि बायांचं डॉक्टरला. संध्याकाळी परतताना गाडीत विचारणा होते, "हे लोक गोळ्या घेतो म्हणतात आणि घेत नाहीत, असं का? आमच्या नव्या स्टाफला तू जरा दोन तास समजावून सांग ना."

दिवसभर जे केलं ते दुभाष्याचं काम होतं. गाडीत जे मागितलं ते आंतरसांस्कृतिक प्रशिक्षकाचं काम आहे. माणूस तोच आणि भाषाही त्याच, त्यामुळे बोलावणाऱ्यांना दोन्ही एकच वाटतं. मानधनही एकच धरतात. या क्षेत्रात पाय रोवायचा असेल तर हा गोंधळ आधी स्वतःच्या डोक्यातून काढायला हवा, कारण दोन्ही कामांचे नियम ठिकठिकाणी एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

एक साधा शब्द घ्या: 'हौ'. पुण्याहून आलेला अधिकारी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला योजना समजावतो आणि शेतकरी प्रत्येक वाक्याला "हौ जी, हौ जी" म्हणतो. अधिकारी समजतो, माणूस तयार आहे. खरं तर त्या 'हौ'चा अर्थ बऱ्याचदा 'ऐकतो आहे, बोला पुढं' एवढाच असतो. दुभाष्याने इथे 'हो' एवढंच सांगायचं. "साहेब, हा हो म्हणतोय पण याच्या मनात नाही" असं परस्पर सांगणं म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडी त्याने न बोललेली गोष्ट घालणं. प्रशिक्षकाचं काम नेमकं तेच समजावण्याचं आहे, पण ते त्या ओट्यावर, त्या शेतकऱ्यासमोर नाही. आठ दिवस आधी, तालुक्याच्या सभागृहात, अधिकाऱ्यांच्या गटासमोर: 'हौ'वर थांबू नका, "मग तुम्ही पहिलं काय कराल?" असं विचारा.

दुभाष्याचा पहिला नियम भर न घालण्याचा आणि काही न गाळण्याचा. बाई "जीव घाबरते" म्हणाली तर "छातीत दुखतंय" असं सांगायचं नाही. जीव घाबरणं म्हणजे धडधड, मळमळ, धाप की नुसती भीती, हे विचारून काढणं डॉक्टरचं काम आहे. "अंगावरून जाते" हेही जसंच्या तसं पोचवायचं. डॉक्टरला अर्थ कळला नाही तर डॉक्टर विचारेल आणि तो प्रश्न बाईपर्यंत न्यायचा. बोलायचं प्रथमपुरुषात: "ती म्हणते तिला ताप आहे" असं नाही, "मला ताप आहे" असं. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, पण 'ती म्हणते' सुरू झालं की डॉक्टर दुभाष्याकडे बघून बोलायला लागतो आणि बाई बाजूला पडते. म्हणूनच बसण्याची जागाही ठरलेली असते. रुग्णाच्या थोडं मागे, कडेला बसायचं, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांच्या समोर राहतात.

बोलण्याचे तुकडे लहान ठेवायला आधीच सांगून ठेवावं, दोन-तीन वाक्यांवर थांबा म्हणून. आकडे लगेच वहीत टिपावेत. "दोन गोळ्या, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस" यात तीन आकडे आहेत आणि लक्षात ठेवायला गेलं की हमखास अदलाबदल होते. कानात किंवा माइकवर, समोरच्याचं बोलणं चालू असतानाच भाषांतर करायचं असेल तर दोन दुभाषी लागतात. जगभर वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलायची पद्धत आहे, कारण त्यापुढे चुका वाढतात आणि करणाऱ्याला त्या कळतही नाहीत.

शब्दांची तयारी आदल्या दिवशी. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी, माडिया आणि कोलामी द्राविडी, मराठी इंडो-आर्य. म्हणजे भाषांतर करताना वाक्याची जुळणीच बदलते, नुसता शब्दाला शब्द लावून चालत नाही. 'संमतीपत्र', 'जंतुसंसर्ग', 'नुकसानभरपाई' अशा शब्दांचं वीस-पंचवीस ओळींचं टाचण करून ते गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना ऐकवावं. त्यांना कळलं तर शब्द चालेल.

दुभाषी बाई की माणूस, हा प्रश्नही कोणी विचारत नाही आणि तिथेच मोठा घात होतो. पाळीच्या किंवा अंगावरून जाण्याच्या तक्रारी गावातल्या पोरासमोर कोणतीच बाई बोलणार नाही. ती "काही नाही जी" म्हणेल आणि नोंद तशीच होईल. घरातल्या लेकराला दुभाषी करणं त्याहून वाईट. आदिवासी भाषा येणाऱ्या, हे काम शिकलेल्या मुलींची गरज दवाखान्यांना फार आहे, आणि ज्या मुली यात उतरू बघतात त्यांनी हे लक्षात ठेवावं.

या कामाचं वजन कायद्यानेही मानलं आहे. शपथ अधिनियम, १९६९ प्रमाणे न्यायालयात साक्षीदाराइतकीच दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. समजावून सांगण्याची परवानगी ती शपथ देत नाही, प्रामाणिकपणे पोचवण्याची जबाबदारी टाकते.

आता प्रशिक्षक. तो बोलणाऱ्या दोघांच्या मधे उभाच नसतो. त्याच्यासमोर एका बाजूचे पंधरा-वीस लोक असतात, नवे डॉक्टर, वनरक्षक, आश्रमशाळेचे शिक्षक, खाणीतले पर्यवेक्षक, आणि पुढच्या वेळी ते स्वतः कसे वागतील हे त्याला बदलायचं असतं. या विद्येचा उगम अमेरिकेत सापडतो. १९५० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टी. हॉल परदेशी जाणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना शिकवत होते. संपूर्ण संस्कृतीचं वर्णन त्या अधिकाऱ्यांना नको होतं, तिथे गेल्यावर करायचं काय ते हवं होतं. मग हॉल यांनी भर दिला तो बारीक गोष्टींवर: आवाज, हातवारे, वेळ पाळण्याची रीत, दोन माणसांमधलं अंतर. आपल्याकडचे नवे प्रशिक्षक नेमके उलट करतात. पहिला तास जमातीचा इतिहास, देवदेवता, दागिने. ऐकणारे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी अंगणात चप्पल घालून कुठपर्यंत जायचं हे त्यांना ठाऊक नसतं.

सगळ्यात कामाचं साधन म्हणजे ठेच लागलेला प्रसंग. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात फिडलर, ट्रायांडिस आणि सहकाऱ्यांनी याची पद्धत बसवली. एक खराखुरा गैरसमज आठ-दहा ओळींत लिहायचा, कारण सांगायचं नाही, आणि खाली चार उत्तरं द्यायची. उदाहरणार्थ: ग्रामसभेत साहेब ठराव वाचतो, "कोणाची हरकत?" विचारतो. सगळे गप्प. साहेब 'मंजूर' लिहून घेतो. पुढच्या आठवड्यात कामावर एकही माणूस येत नाही. का? एक, लोकांना ठरावाची भाषा कळली नाही. दोन, लोक साहेबाला घाबरले. तीन, गप्प राहणं म्हणजे विचार अजून चालू आहे. चार, कोणीतरी फितवलं.

गट बहुतेक वेळा चारवर धावतो, आणि तिथून खरा वर्ग सुरू होतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीने होतात, बहुमताने नाही. एकाचंही मन तयार नसेल तर पुन्हा बसायचं. अशा गावात एका सभेत सही मागणारा अधिकारी नकार मिळण्याआधीच चुकलेला असतो. पहिलं आणि दुसरं उत्तरही त्याच वेळी खरं असू शकतं, हेही गटाला दाखवावं. एकच बरोबर उत्तर आहे असा आव आणला की प्रशिक्षण परीक्षेसारखं होतं.

प्रसंग लिहिताना दुभाष्याचं आणि प्रशिक्षकाचं काम सरळ एकमेकांवर आदळतं. दुभाषी म्हणून जे ऐकलं ते गुप्त आहे. ते प्रशिक्षणात वापरता येत नाही. नाव बदलून भागत नाही, कारण साठ उंबऱ्यांच्या गावात 'तीन मुली असलेली बाई' एवढं म्हटलं तरी ओळख पटते. म्हणून एकाच घटनेवर प्रसंग बेतायचाच नाही. निरनिराळ्या ठिकाणी तीन-चारदा दिसलेली गाठ घ्यायची, आजार, ऋतू, नातं सगळं बदलायचं, आणि दोन्ही बाजूंच्या तीन-तीन माणसांकडून तपासून घ्यायचं. गावातली माणसं "असं नसते जी" म्हणाली तर प्रसंग बाद. हाताशी तीसेक तपासलेले प्रसंग असल्याशिवाय स्वतःला प्रशिक्षक म्हणवू नये, असं आमचं ठाम मत आहे.

दुसरं साधन फळ्यावरचे तीन रकाने: काय दिसतं, अर्थ काय लावला, बरं-वाईट काय वाटलं. एक फोटो दाखवायचा आणि आधी फक्त पहिला रकाना भरायला सांगायचं. दोन मिनिटांत कोणीतरी 'अस्वच्छ घर' लिहितं. 'अस्वच्छ' हा शब्द तिसऱ्या रकान्यातला आहे हे त्यांना स्वतःहून दिसायला थोडा वेळ द्यावा.

पत्त्यांचा खेळही आहे, सिवासैलम थियागराजन यांनी बसवलेला 'बार्न्गा'. चार टेबलं, प्रत्येकावर चार-पाच जण, एक्क्यापासून सत्तीपर्यंतची २८ पानं. नियमांचे कागद प्रत्येक टेबलाचे थोडे वेगळे, कुठे एक्का मोठा, कुठे लहान, कुठे हुकूम वेगळा, पण हे कोणाला सांगायचं नाही. पाच मिनिटं सराव झाला की कागद काढून घ्यायचे आणि बोलायला बंदी. मग जिंकणारे आणि हरणारे टेबल बदलतात आणि प्रत्येकाला वाटतं समोरचा लबाडी करतोय. खेळ अर्धा तास, त्यावरची चर्चाही किमान तेवढीच. चर्चा आटोपती घेतली की फक्त करमणूक उरते. खेड्यात एक अडचण येते. पत्ते म्हटलं की जुगार, आणि आशा सेविका किंवा शिक्षिका सर्वांदेखत पत्ते हातात घ्यायला कचरतात. गट मिश्र असेल तर पत्त्यांऐवजी चिंचोके आणि चौकटी वापरून तोच खेळ बसवावा.

डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांच्या, संस्कृतीला देशनिहाय गुण देणाऱ्या तक्त्यांपासून मात्र जपून राहावं. ती पाहणी आयबीएमच्या नोकरदारांची होती, १९६७ ते १९७३ च्या सुमाराची, आणि गुण अख्ख्या देशाचे आहेत. भारताच्या गुणावरून धारणीचा कोरकू शेतमजूर आणि अकोटचा संत्रा बागायतदार यांच्यातलं काहीच कळत नाही. 'कोरकू असे असतात' हे वाक्य तक्त्यातून आलं काय किंवा चहाच्या टपरीवरून, नुकसान सारखंच.

आणखी एक नेहमीची चूक: प्रशिक्षण गावकऱ्यांनाच द्यायचं. दवाखान्यात कसं वागावं, बँकेत कसं बोलावं. ज्याच्या हातात सही, औषध किंवा मजुरी आहे, त्याच्या गैरसमजाची किंमत समोरचा मोजतो. म्हणून पहिलं प्रशिक्षण त्या बाजूचं, आणि ही अट काम घेतानाच सांगावी.

दोन्ही कामं एकाच माणसाला करता येतात, एकाच तासात नाही. दुभाषी असताना गैरसमज डोळ्यासमोर घडू लागला तर वाट एकच आहे. दोन्ही बाजूंना, दोन्ही भाषांत सांगायचं, "मी दुभाष्याचं काम जरा थांबवतो, माझ्याकडून एक गोष्ट सांगायची आहे." मग एक-दोन वाक्यं, तीही शक्यतेच्या भाषेत: "इथे 'हौ' म्हणजे होकार असेलच असं नाही, विचारून बघा." लगेच परत जागेवर. चोरून केलेली टिप्पणी, मग ती कितीही खरी असो, दुसऱ्या बाजूचा विश्वास घालवते.

मोबदल्याचा हिशेब वेगवेगळा मांडावा. दुभाष्याने किमान अर्धा दिवस धरावा आणि प्रवास घर सोडल्यापासून मोजावा. भामरागड किंवा सिरोंचाकडे तीन तासांच्या कामाला दिवस रस्त्यातच जातो. प्रशिक्षकाने सत्राचे तास सांगू नयेत, तयारीचे दिवस सांगावेत. अर्ध्या दिवसाचं नवं सत्र नीट बसवायला पाच-सहा दिवस लागतात: आधी जाऊन बोलणं, प्रसंग लिहिणं, तपासणं. त्यात दीड-दोन महिन्यांनी परत जाऊन काय बदललं ते बघण्याचा एक दिवस धरलाच पाहिजे. सत्र संपल्या संपल्या भरून घेतलेला 'छान झालं' असा अभिप्राय काहीच सांगत नाही. बदललेलं वागणं दाखवता आलं, तरच पुढचं काम मिळतं. लिहिलेले प्रसंग कोणाच्या मालकीचे, हेही कागदावर घ्यावं, नाहीतर संस्था ते छापून मोकळी होते.

प्रशिक्षकाला कुठला परवाना लागत नाही, म्हणून नुसत्या प्रमाणपत्रामागे पैसे घालवण्यात अर्थ नाही. दीड-दोन वर्षं दुभाष्याचं काम, मग कोणा अनुभवी माणसासोबत सहा-सात सत्रं, मग स्वतःचं. सुरुवातीला आश्रमशाळांचे शिक्षक हा गट चांगला: पोरं कोरकू किंवा गोंडी बोलतात, गुरुजी मराठी, आणि ही गरज दर वर्षी असते. पुढे खाणी, वनविभाग, संशोधक, परदेशी जाणारे तरुण. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून खेड्यातली पोरंही जर्मनच्या वर्गाची चौकशी करतात. भाषेचा वर्ग आणि तिथल्या कामाच्या रीतीचं प्रशिक्षण यातही हाच घोळ होतो.

तारखा गाव बघून ठरवाव्यात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता, जुलैत धानाची रोवणी. मेळघाटात होळीच्या आठवड्यात तर कोणालाच बोलावू नये, बाहेर गेलेला मजूरसुद्धा त्या दिवसांत घरी येतो. आठवडी बाजाराचा वार सोडायचा. सरकारी निधी मात्र ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो, त्यामुळे बोलावणी फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम येतात आणि मोहाच्या, होळीच्या दिवसांत रिकाम्या सभागृहात प्रशिक्षण होतं. प्रस्ताव दिवाळी झाली की लगेच द्यावा, आणि त्यात डिसेंबर-जानेवारीच्या तारखा आपणच लिहून द्याव्यात.