दुधाच्या दातांवरील मगजोपचार

दाताच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला जो मऊ भाग असतो, त्याला मगज म्हणतात. बोलीत त्यालाच दाताची नस म्हणण्याचा प्रघात आहे. दुधाच्या दाताची कीड मगजापर्यंत पोहोचली किंवा पोहोचण्याच्या बेतात असली, तर तो दात त्याच्या नैसर्गिक वेळी पडेपर्यंत तोंडात निरोगी राहावा म्हणून केल्या जाणाऱ्या उपचारांना मगजोपचार म्हणतात.

मुलाला एकूण 20 दुधाचे दात येतात. ‘पडणारच आहे तो दात, मग त्याच्यावर खर्च कशाला?’ असे पालक नेहमी विचारतात. पुढच्या दातांपुरते त्यात थोडे तथ्य असले, तरी दाढांच्या बाबतीत हा समज घातक ठरतो. कारण पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागत असले, तरी दुधाच्या दाढा साधारणपणे 9 ते 12 वर्षे वयापर्यंत तोंडात असतात आणि चावण्याचे बहुतेक काम त्याच करतात. शिवाय दुधाची दुसरी दाढ वेळेआधी काढली, तर सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे उगवणारी कायमची पहिली दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेची, म्हणजे सुळा आणि दाढा यांच्यामधल्या कायमच्या दाताची, जागा व्यापून टाकते.

दुधाच्या दातावरचे एनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण कवच, कायमच्या दाताच्या मानाने सुमारे निम्म्याच जाडीचे असते, तर मगज दाताच्या आकाराच्या मानाने मोठा असून त्याची टोके पृष्ठभागाच्या बरीच जवळ आलेली असतात. त्यामुळे वरून लहानसा दिसणारा खड्डा आत नसेपर्यंत गेलेला असू शकतो. दोन दाढांच्या फटीत लागलेली कीड तर बहुधा क्ष-किरण चित्रातच प्रथम दिसते.

कोणता उपचार करायचा, हे मगज कितपत जिवंत आहे यावर ठरते. गोड किंवा थंड खाल्ल्यावर कळ येऊन ती लगेच थांबत असेल, तर मगज सावरण्याची आशा असते. काही न खाता आपोआप सुरू होणारी, रात्री मुलाला झोपेतून उठवणारी कळ मात्र तो कायमचा बिघडल्याचे सुचवते. हिरडीवर पुवाचा फोड, दाताचे हलणे आणि क्ष-किरण चित्रात दाढेच्या मुळांमधील हाड झिजलेले दिसणे ही मगज मृत झाल्याची लक्षणे होत. लहान मूल वेदनेचे वर्णन नेमके करू शकत नाही, म्हणून ते रात्री झोपले की नाही, कोणत्या बाजूने जेवते, ही आईवडिलांनी दिलेली माहिती तपासणीइतकीच मोलाची असते.

मगज जिवंत असून कीड त्याच्या अगदी जवळ असेल, तर किडका भाग काढताना मगजावरचा शेवटचा पातळ थर मुद्दाम तसाच ठेवून त्यावर औषधी थर देतात आणि दात घट्ट बंद करतात. अन्नपुरवठा तुटल्यामुळे आत उरलेले जंतू निष्क्रिय होतात. पूर्वी सगळी कीड खरवडून काढण्यावर भर असे. त्यामुळे पुष्कळदा मगज विनाकारण उघडा पडत असे.

किडीमुळे मगज उघडा पडला, पण मुळांतील भाग निरोगी असला, तर पल्पोटॉमी करतात. दात बधिर करून, भोवती रबराचा पडदा लावून, वरच्या पोकळीतील मगज तेवढा काढला जातो आणि ओल्या कापसाच्या बोळ्याने काही मिनिटे दाब दिला जातो. रक्त थांबले तर मुळांतील मगज निरोगी समजतात; थांबतच नसेल तर दाह खाली उतरला आहे असे मानून बेत बदलावा लागतो. उरलेल्या मगजावर ठेवण्यासाठी दीर्घकाळ फॉर्मोक्रेसॉल हे औषध वापरले जाई. त्यातील फॉर्माल्डिहाइडचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये मानवी कर्करोगकारकांत केल्यावर पर्यायांकडे ओढा वाढला. त्यांपैकी एमटीए हे 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात विकसित झालेले द्रव्य बांधकामातील पोर्टलँड सिमेंटच्याच कुळातले असून ओलाव्यातही घट्ट होते. त्याचे निकाल चांगले आहेत, पण किंमत जास्त असल्याने ते सर्वत्र वापरले जात नाही.

मुळांतील मगजही मृत झाला असेल, तर तो पूर्ण काढून नलिका स्वच्छ करतात व भरतात. यालाच पल्पेक्टॉमी, म्हणजे लहान मुलांचे रूट कॅनाल म्हणता येईल. मोठ्यांच्या दातात भरतात ते गटापर्चा हे रबरासारखे द्रव्य येथे चालत नाही. कारण खालचा कायमचा दात वर येताना दुधाच्या दाताची मुळे विरघळत जातात आणि भरलेले द्रव्यही त्यांच्याबरोबर विरघळणे आवश्यक असते. त्यासाठी झिंक ऑक्साइड व युजेनॉल यांचे मिश्रण किंवा आयोडोफॉर्म आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड यांची पेस्ट वापरतात. दाढदुखीवर घरोघरी लावल्या जाणाऱ्या लवंगेच्या तेलातील मुख्य घटक हेच युजेनॉल आहे. मात्र ते तेल कळ थोडा वेळ दबवते, कीड थांबवत नाही.

मगजोपचार झालेली दाढ ठिसूळ होत असल्याने तिच्यावर बहुधा स्टीलची तयार टोपी, म्हणजे ‘कॅप’, बसवतात. नुसत्या भरणाच्या कडेतून जंतू पुन्हा आत शिरले तर सारा उपचार वाया जातो.

मुळे बरीच विरघळली असतील, जंतुसंसर्ग खालच्या कायमच्या दाताच्या अंकुरापर्यंत गेला असेल किंवा मुलाला हृदयाचा काही विशिष्ट विकार असून संसर्गाचा धोका पत्करता येत नसेल, तर दात काढणेच योग्य ठरते. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर रिकामी जागा राखणारी तारेची पट्टी बहुधा बसवावी लागते. उपचारानंतर कळ थांबली तरी ठरावीक काळाने तपासणी आणि गरजेनुसार क्ष-किरण चित्र आवश्यक असते. कारण मुळाशी रेंगाळलेला संसर्ग वेदना न देताही खालच्या अंकुराला इजा करू शकतो आणि मग कायमचा दात डागाळलेला किंवा खडबडीत एनॅमलचा उगवतो.