सरकारी रुग्णालयांचा निधी आणि आमदाराची देखरेख (महाराष्ट्र)

सरकारी रुग्णालयांसाठी दरवर्षी मागितलेला पैसा मंजूर करणे आणि तो ठरलेल्या कामावर खर्च झाला का हे तपासणे, ही राज्य विधिमंडळाची संविधानिक जबाबदारी आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हा विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर आहे, त्यामुळे या खर्चाचा मोठा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो. मतदारसंघातल्या फलकांवर आमदाराचे काम ‘रुग्णालयासाठी इतके कोटी आणले’ अशा शब्दांत दिसते. पण मंजूर तरतूद, प्रत्यक्ष वितरित निधी आणि झालेला खर्च हे तीन वेगवेगळे आकडे असतात. त्यांच्यातल्या अंतराचा पाठपुरावा हा या कामाचा गाभा होय.

पैसा एका खात्यातून येत नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. जिल्हा, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. मुंबईचे जेजे, पुण्याचे ससून, छत्रपती संभाजीनगरचे घाटी, नागपूरचे मेयो आणि मेडिकल ही महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषद चालवते. अंदाजपत्रकात पगार व औषधांसारखा रोजचा महसुली खर्च मुख्य लेखाशीर्ष (हिशेबातील खर्चाचे ठरलेले शीर्षक) २२१० खाली, तर इमारतींसारखा भांडवली खर्च ४२१० खाली दाखवला जातो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात देतात. जिल्हा नियोजन समितीकडूनही औषधे व उपकरणांसाठी पैसा मिळतो. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. परिणामी एकाच रुग्णालयाच्या छपराचा, डॉक्टरांच्या पगाराचा आणि सलाईनच्या बाटल्यांचा हिशेब तीन ठिकाणी शोधावा लागतो.

अधिकार आणि मर्यादा

अनुच्छेद २०२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र मांडले जाते, २०३ नुसार खातेनिहाय मागण्यांवर, म्हणजे प्रत्येक खात्याने खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर, मतदान होते आणि २०४ नुसार विनियोजन विधेयक (हा मंजूर पैसा काढण्याची परवानगी देणारे विधेयक) संमत झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून रुपयाही काढता येत नाही. मागणीवर मत देण्याचा हक्क विधानसभेच्या २८८ सदस्यांना आहे; विधान परिषद चर्चा करू शकते, मतदान नाही. मात्र मागणी मान्य करणे, नाकारणे किंवा कमी करणे, एवढेच सभागृहाच्या हाती असते. रक्कम वाढवण्याचा पुढाकार मंत्रिमंडळाचाच, कारण राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मागणी मांडता येत नाही. त्यामुळे रुग्णालयाला जास्त पैसे द्या असे म्हणणाऱ्या आमदारालाही सूचना द्यावी लागते ती कपातीची! कपात सूचना मंजूर झाली तर तो सरकारचा पराभव ठरतो, म्हणून ती सहसा मागे घेतली जाते किंवा फेटाळली जाते. तिचा उपयोग मंत्र्याला त्या विषयावर उत्तर द्यायला लावण्यापुरता असतो. चर्चेची वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकल्या जातात आणि काही हजार कोटी काही मिनिटांत मंजूर होतात.

अर्थसंकल्पानंतर जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा रकमा, एका पुस्तिकेत येतात. मार्चमध्ये ज्या कामाचा उल्लेखही नव्हता, ते तिथे अचानक दिसते. कधी केवळ लाक्षणिक, म्हणजे नाममात्र रकमेने नवे लेखाशीर्ष उघडले जाते. जागरूक सदस्य मूळ अर्थसंकल्पापेक्षा या पुस्तिकेकडे अधिक बारकाईने पाहतो, आणि ते योग्यच आहे.

प्रश्नोत्तरे

देखरेखीचे रोजचे हत्यार म्हणजे तारांकित प्रश्न, ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते. त्याची भाषा ठरलेली असते: अमुक ग्रामीण रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र तंत्रज्ञाअभावी बंद असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरही ठरलेल्या वळणाचे. ‘हे अंशतः खरे आहे’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. खरी झटापट उपप्रश्नांत होते. यंत्र कधी घेतले, तंत्रज्ञाचे पद आकृतिबंधात (मंजूर पदांच्या आराखड्यात) आहे का, ते भरण्याची जाहिरात निघाली का, असे तारखा मागणारे प्रश्न मंत्र्याला टाळणे कठीण जाते. नुसत्या संतापाला आश्वासन देऊन वाटेला लावता येते. अर्थात आश्वासनांवर नजर ठेवायलाही विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा आणि विरोधी पक्षाचा विधानसभा नियम २९३ खालील चर्चेचा प्रस्ताव ही आणखी साधने.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून १० बालके दगावली. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचे मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दोन्ही वेळी सभागृहाबाहेर आणि आत गदारोळ झाला. अग्निसुरक्षा, देखभाल, रिक्त पदे, औषधसाठा यांच्या तरतुदी मात्र कुठल्याही वर्षी मुकाट्याने छाननीसाठी उपलब्ध असतात. दुर्घटनेआधी त्यांच्यावर बोलणाऱ्याला बातमीत जागा मिळत नाही, ही या कामाची जुनी अडचण आहे.

तरतूद कुठे अडते

श्रेणीवर्धनाचे, म्हणजे रुग्णालयाचा दर्जा वाढवण्याचे, उदाहरण पाहावे. ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय ५० खाटांचे उपजिल्हा रुग्णालय करण्याची घोषणा झाली की आधी शासन निर्णय निघतो. मग जागा, नकाशे, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा. इमारत उभी राहते, फीत कापली जाते. पण पदनिर्मितीला वित्त विभागाची वेगळी संमती लागते आणि पद मंजूर झाले तरी भरती पुन्हा वेगळी. म्हणून नव्या इमारतीत जुन्याच कर्मचाऱ्यांवर काम रेटले जाते. भांडवली खर्च एकदाच होतो आणि डोळ्यांना दिसतो. पगार दरवर्षी द्यावा लागतो आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. आमदार स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये झाला असला, तरी त्यातून कायमस्वरूपी मत्ता निर्माण करायची असते, पगारपाणी भागवायचे नसते. रुग्णवाहिका घेता येते, चालकाचा पगार देता येत नाही.

औषधांचे गणित याहून गुंतागुंतीचे. २०१७ मध्ये राज्याने खरेदी एकवटून ती हाफकिन जीव औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली. विलंबाच्या तक्रारी वाढल्यावर २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. विभागाने पैसा खरेदी यंत्रणेकडे वर्ग केला की कागदावर तो विभागाकडून गेलेला असतो; गोळ्या जिल्ह्याच्या भांडारात पोहोचल्या का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. साठा नोंदवही आणि पुरवठा आदेश ताडून पाहिल्याखेरीज ‘निधी खर्च झाला’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये.

लेखापरीक्षण

खर्च झाल्यावरची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात आणि अनुच्छेद १५१ नुसार अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो. लोकलेखा समिती त्यावर सचिवांची साक्ष घेते. बैठक बंद दाराआड होते, त्यामुळे पक्षीय आवेश कमी आणि कागद जास्त असतात. आमदाराला एखादे खाते खोलवर समजून घ्यायचे असेल तर याहून चांगली जागा नाही. दोष आहे तो वेळेचा. राज्याच्या आरोग्य सुविधांवरील कामगिरी लेखापरीक्षण अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात मांडला गेला, त्यातील तपासणी २०२१-२२ पर्यंतच्या काळाची होती. तोवर जबाबदार अधिकाऱ्यांच्या बदल्या झालेल्या असतात.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी असे म्हटले होते. चर्चेत हा आकडा वारंवार येतो, परंतु तो बंधनकारक नाही.

मुंबईतील केईएम, शीव, नायर व कूपर रुग्णालये या सगळ्या चौकटीबाहेर आहेत. त्यांचा पैसा महापालिकेच्या अंदाजपत्रकातून येतो, आणि तिथे छाननीचा अधिकार महापालिकेच्या स्थायी समितीचा व सभागृहाचा. आमदार त्यांच्याविषयी नगरविकास विभागाला प्रश्न विचारू शकतात, मत देऊ शकत नाहीत. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर तिथे प्रशासक नेमला गेला आणि पुढची काही अंदाजपत्रके प्रशासनानेच मांडली व प्रशासकानेच मंजूर केली.