ॲल्युमिनियमच्या अंगावरची नॅनो-छिद्रं

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत ॲनोडायझिंगच्या (विजेच्या साहाय्याने धातूवर ऑक्साइडचा थर चढवण्याच्या) शेडमध्ये गंधकाम्लाच्या टाकीत जिगवर, म्हणजे भाग पकडून त्याला वीज पोचवणाऱ्या चौकटीवर, लटकलेले ॲल्युमिनियमचे भाग दिसतात. अर्ध्या तासाने ते बाहेर येतात तेव्हा त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढलेला असतो आणि त्या थरात १० ते २० नॅनोमीटर व्यासाची, बुडाशी बंद असलेली उभी छिद्रं दाटीवाटीने पडलेली असतात. शोधनिबंधांत ज्याला नॅनोरचित पृष्ठभाग म्हणतात, तो हाच. प्रयोगशाळेत याच प्रक्रियेतून मधाच्या पोळ्यासारखी आखीव जाळी मिळते. त्यासाठी लागतात तीन गोष्टी: शुद्ध धातू, थंड बाथ (टाकीतलं आम्लाचं द्रावण) आणि न हलणारं व्होल्टेज.

छिद्र पडतं ते दोन क्रियांच्या ओढाताणीतून. भाग रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करंट करणाऱ्या यंत्राच्या) धन टोकाला जोडलेला असतो, त्यामुळे धातू आणि ऑक्साइडच्या सीमेवर नवा थर तयार होत राहतो. त्याच वेळी आम्ल तो थर वरून विरघळवत असतं. जिथे थर जरासा पातळ असतो तिथे विद्युतक्षेत्र एकवटतं, विरघळणं वाढतं आणि खड्डा खोल होत जातो. भिंतींवर क्षेत्र कमी असल्याने त्या टिकतात. बुडाशी मात्र छिद्र नसलेला सलग थर कायम राहतो, साधारण एका व्होल्टला एक नॅनोमीटर जाडीचा.

हे कळलं की काय बदललं तर काय बदलेल, याचा अंदाज येतो. दोन छिद्रांमधलं अंतर व्होल्टेज ठरवतं, व्होल्टला सुमारे २.५ नॅनोमीटर. म्हणजे १५ व्होल्टला ३५ ते ४०, ४० व्होल्टला १००. थराची जाडी करंट आणि वेळेवर ठरते: दर चौरस डेसिमीटरला १.५ ॲम्पिअर अर्धा तास दिले की सुमारे १४ मायक्रॉन. छिद्राची रुंदी आम्ल, तापमान आणि भाग आम्लात किती वेळ राहिला यावर जाते. या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे हाताळता येतात आणि ॲल्युमिनियमचं खरं भाग्य तेच.

नेहमीच्या बाथमध्ये लिटरला १५० ते २०० ग्रॅम गंधकाम्ल, १८ ते २२ अंश तापमान आणि १२ ते १८ व्होल्ट असतात. यातलं तापमान सांभाळणं सगळ्यात जिकिरीचं. १००० ॲम्पिअर आणि १६ व्होल्ट म्हणजे १६ किलोवॉट उष्णता थेट बाथमध्ये, वर ऑक्साइड तयार होण्याच्या क्रियेची थोडी भर. ती काढायला पाच टन शीतन-क्षमतेच्या आसपासचा चिलर (द्रावण गार करणारं यंत्र) लागतो आणि नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये शेडचं तापमान चाळिशीला टेकलं की त्याच्यावरचा ताण आणखी वाढतो. बाथ २४-२५ अंशांच्या वर गेला की आम्ल भिंतीही खायला लागतं, थर भुसभुशीत होतो आणि बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला लागते. थंडीत उलटं होतं. बाथ गार पडला की तेवढ्याच व्होल्टेजला करंट कमी बसतो. अशा वेळी व्होल्टेज चढवून करंट गाठला, तर छिद्रांमधलं अंतरही बदलतं आणि मग दोन लॉटच्या रंगाची छटा जुळत नाही.

बाकीचे दोष बहुतेक वेळा जिगमधून येतात. ऑक्साइड विद्युतरोधक असल्याने पकड सैल झाली आणि भाग जरा सरकला, की त्या जागी नवा थर चढून करंट तुटतो. ॲल्युमिनियमच्या जिगवरही थर चढतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर तो कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) उतरवावा लागतो. टायटॅनियमच्या जिगला हा त्रास नाही, किंमत मात्र झोंबते. मिश्रधातूचाही प्रश्न असतो. वाहनांच्या सुट्या भागांसाठी वापरल्या जाणाऱ्या डायकास्टिंगमध्ये (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून केलेल्या ओतीव भागांत) सिलिकॉन भरपूर असतं. ते ऑक्साइडमध्ये तसंच अडकून राहतं आणि पृष्ठभाग करडा, डागाळ दिसतो. अशा भागावर सुंदर रंगाची अपेक्षा धरणाऱ्या ग्राहकाला आधीच समजावलेलं बरं.

आखीव जाळी हवी असेल तर रीत बदलते. जपानमध्ये मासुदा आणि सातोह यांनी १९९६ मध्ये दाखवलेली दोन टप्प्यांची पद्धत आजही पायाभूत मानली जाते. ९९.९९ टक्के शुद्ध पत्रा तापवून मऊ करतात, विद्युत-पॉलिश करतात आणि ०.३ मोलर ऑक्झॅलिक आम्लात ४० व्होल्टवर कित्येक तास ठेवतात. बाजारात मिळणारं आम्ल दोन रेणू पाणी धरून असतं, त्यामुळे लिटरला सुमारे ३८ ग्रॅम घ्यावं लागतं. पाणी न धरता २७ ग्रॅमचा हिशोब केला की द्रावण सौम्य होतं. पहिला थर वरून वेडावाकडा असतो, पण छिद्रं खाली जाता जाता एकमेकांना ढकलत षटकोनात बसतात. हा थर विरघळवून टाकला की धातूवर त्या षटकोनांचे उथळ ठसे उरतात आणि दुसऱ्या फेरीत छिद्रं बरोबर त्या ठशांतून सुरू होतात. चौरस सेंटिमीटरला अशी सुमारे १,१०० कोटी छिद्रं बसतात. पॉलिशसाठी परक्लोरिक आम्ल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण वापरतात. ते तापलं तर स्फोटक ठरतं, म्हणून ते १० अंशांखालीच ठेवावं आणि जाणकार माणसाच्या देखरेखीशिवाय हाताळूच नये.

या छिद्रांत निकेल किंवा कोबाल्ट भरून नॅनोतारा बनवतात, बूड काढून टाकलं की गाळणी मिळते. आपल्या घराच्या तपकिरी-काळ्या ॲल्युमिनियम खिडकीत तर छिद्रांच्या तळाशी एसी करंटने बसवलेले कथिलाचे सूक्ष्म कण असतात, रंग त्यांच्यामुळेच दिसतो. रंग भरून झाला की तोंडं बंद करायची: ९६ अंशांच्या वरच्या पाण्यात, दर मायक्रॉनला दोन-तीन मिनिटं. ऑक्साइड पाणी शोषून फुगतो आणि छिद्र मिटतं. हे पाणी डीएम, म्हणजे क्षार काढलेलं हवं. बोअरच्या पाण्यातलं सिलिकेट ही क्रिया रोखतं, मग भाग महिनाभरात डाग धरू लागतो.

हेच गरम पाणी उघड्या धातूवर वापरलं तर छिद्रांऐवजी पात्यांसारखी बोहमाइटची (पाणी धरलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची) नॅनोरचना उगवते. त्यातून पाणी न धरणारा पृष्ठभाग बनवणं हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत करण्याजोगा प्रयोग आहे. साध्या शुद्ध ॲल्युमिनियमचा एक मिलिमीटर जाडीचा तुकडा पाच टक्के कॉस्टिकमध्ये दोन मिनिटं बुडवून खडबडीत करून घ्यावा, धुवावा, उकळत्या डीएम पाण्यात दहा मिनिटं ठेवावा. सुकवून मग १०० मिली इथेनॉलमध्ये एक ग्रॅम स्टिअरिक आम्ल विरघळवून त्यात अर्धा तास बुडवावा (इथेनॉल गरम करायचं तर वॉटर बाथवरच, ज्योतीवर नको). जमलं तर त्यावर पाण्याचा थेंब पसरत नाही, जरा तिरकं धरताच घरंगळतो. मोठ्या खाचा आणि त्यांवरची नॅनो पाती, दोन्ही असतील तर थेंबाखाली हवा अडकून राहते. द्राक्षाच्या मण्यावरची पांढुरकी झाक हीदेखील मेणाच्या सूक्ष्म पापुद्र्यांचीच असते. मणी पुसून चकचकीत केला की पाणी त्यावर पसरायला लागतं. आपल्या तुकड्याची गतही तीच: बोटाने घासलं की पाती मोडतात, तेल लागलं की हवा निघून जाते, वाफ आतच थंड होऊन थेंब झाली तर पृष्ठभाग ओला होतो. त्यामुळे सतत हाताळल्या जाणाऱ्या वस्तूवर हा लेप टिकेल असं कुणी सांगितलं, तर आधी घासून दाखवायला सांगावं.

वापरलेलं आम्ल गटारात सोडायचं नाही. चुन्याने पीएच ६ ते ८ च्या दरम्यान आणला की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा जिलेटिनसारखा गाळ बसतो. घाईत चुना जास्त पडून पीएच ९ च्या पुढे गेला, तर तो गाळ पुन्हा विरघळू लागतो आणि गाळणीतून आरपार निघून जातो.