वार्धक्य संशोधन प्रशिक्षण, वैद्यकीय विद्यार्थ्यांचे

एमबीबीएस शिकत असतानाच विद्यार्थ्याला म्हातारपणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायला शिकवण्याची पद्धत. वृद्धांवर उपचार करणे ही जराचिकित्सा. शरीर कशाने थकते, कोण साठीतच खचते आणि कोण ऐंशीतही भांगलायला जाते, याचा माग काढणे हे वार्धक्य संशोधन. चांगला चिकित्सक झाला म्हणजे संशोधन आपोआप जमते असे नाही. त्याची सवय वेगळी लावावी लागते आणि ती लवकर लागलेली बरी.

अमेरिकेत राष्ट्रीय वार्धक्य संस्था १९७४ मध्ये स्थापन झाली. पुढे १९९० च्या दशकापासून तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत ८ ते १२ आठवडे अनुभवी संशोधकाजवळ ठेवण्याची प्रथा रुजली. भारतात केवळ वार्धक्यासाठी अशी देशव्यापी योजना नसली, तरी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची १९७९ पासूनची अल्पमुदतीची विद्यार्थी शिष्यवृत्ती या कामी येते. त्यात पदवीचा विद्यार्थी मार्गदर्शकाबरोबर दोन महिन्यांत एक छोटा अभ्यास पुरा करतो. विषय वार्धक्याचा निवडायला आडकाठी नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या प्रशिक्षणाला लागणारी सामग्री दाराशीच आहे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे, कराडचे कृष्णा महाविद्यालय १९८४ चे. सांगली व सातारा शहरांतही महाविद्यालये आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते, देशाचे ८.६. जावळी, पाटणसारख्या डोंगरी तालुक्यांतली कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेलेली, त्यामुळे वाडीवर भेटतात ती बहुतेक म्हातारी माणसेच.

पहिला धडा वयाचा. जुन्या माणसांच्या दाखल्यावर पुष्कळदा १ जून असते, ती शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली तारीख. आधार कार्डावरचे वर्षही अंदाजाने घातलेले असू शकते. वय पाच वर्षांनी चुकले तर वार्धक्याच्या अभ्यासात सगळेच चुकते. म्हणून विद्यार्थ्याने वय विचारायचे नाही, काळ विचारायचा. ‘कोयनेचा भूकंप झाला तवा माझा थोरला अंगावर पीत हुता,’ असे आजी सांगते. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. लग्न कितव्या वर्षी झाले, थोरल्याच्या आधी काही मूल गेले का, हे हळू विचारत गेले की जन्मवर्ष दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात येते. त्याला १९७२ च्या दुष्काळाची खूण जोडून पडताळा घ्यायचा. या खुणांची यादी गावागणिक करावी लागते, आणि ती करताना विद्यार्थ्याला गाव कळते.

मोजमापे दिसायला सोपी असतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे आणि लागलेले सेकंद मोजायचे. पण जमिनीवर बसणाऱ्या घरात खुर्ची असेलच असे नाही. शेजारची ठेंगणी प्लास्टिकची खुर्ची आणली तर आकडा बदलतो. त्यामुळे एकाच उंचीची खुर्ची घरोघर न्यावी लागते. हाताच्या पकडीची ताकद यंत्रावर मोजतात. आशियाई निकषांप्रमाणे पुरुषांत २८ व स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड अशक्त मानतात. ‘दाबा’ म्हटल्यावर बाई संकोचाने अर्धाच जोर लावते. ‘आजी, धुणं पिळताय असं समजा’ म्हटले की खरा आकडा येतो.

स्मृतिभ्रंशाची चाचणी सर्वांत अवघड. शंभरातून सात सात वजा करायला सांगणारे प्रश्न शाळा न पाहिलेल्या माणसावर अन्याय करतात. निरक्षरांसाठीच्या चाचण्यांत म्हणून वार उलटे म्हणून घेतात. शिवाय माणूस पूर्वी कसा होता हे सांगणारे कुणी जवळचे हवे. डोंगरी गावांत असे जवळचे माणूस म्हणजे मुलगा, तो मुंबईला असतो आणि यात्रेला घरी येतो. अभ्यासाचे वेळापत्रक यात्रेच्या तारखा पाहून आखले तर ही माहिती मिळते.

संमतीपत्र वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवायचे, अंगठा घ्यायचा आणि निःपक्षपाती साक्षीदाराची सही घ्यायची, हा नियम आहे. विद्यार्थ्यांकडून होणारी घाई येथेच दिसते. घरी आलेल्या पोरांना चहा पाजल्यावर आजीला नको म्हणवत नाही, म्हणून दिलेला अंगठा ही संमती नव्हे, हे मार्गदर्शकाने शेजारी बसून शिकवावे लागते.

दोन महिन्यांत फक्त एका वेळचे चित्र हाती येते. म्हातारपण मात्र काळात घडते. २०२१-२२ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आलेला कुटुंब दत्तक कार्यक्रम येथे मोलाचा ठरतो, कारण विद्यार्थी त्याच घरांत वर्षानुवर्षे परत जातो. ही संधी फक्त रक्तदाब लिहिण्यात घालवणे फार मोठे नुकसान आहे. तुलनेसाठी २०१७-१८ मध्ये ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी करणाऱ्या भारताच्या राष्ट्रीय वार्धक्य अभ्यासाची माहिती संशोधकांना उपलब्ध आहे.

परत गेल्यावर कधी घराला कुलूप असते. आजी लेकीकडे पुण्याला गेल्या, एवढे शेजारून कळले तरी फोन मिळवून नोंद पुरी करायची, कारण गळालेली माणसे बहुधा जास्त थकलेली असतात आणि ती वगळली तर निष्कर्ष फसवे गोड येतात. कधी वहीत ‘मयत’ लिहावे लागते. तेव्हा तेराव्यानंतर काही दिवस जाऊ देऊन घरी जायचे, सुनेजवळ बसायचे आणि शेवटच्या दिवसांत जेवण केव्हा सुटले, चालणे केव्हा थांबले, हे क्रमाने लिहून घ्यायचे.