पूल मे महिन्यासाठी, पाया श्रावणासाठी

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि आतून सव्वा मीटरहून जरा अधिक खोल असा काँक्रीटचा स्विमिंग पूल घ्या. तळ आणि भिंती २० सेंटिमीटर जाड धरल्या, तर नुसत्या काँक्रीटचं वजन ३४ टनांच्या घरात जातं. एवढं धूड जमिनीतून वर उचललं जाईल, यावर चटकन विश्वास बसत नाही. पण भर पावसाळ्यात भोवतालच्या जमिनीतलं पाणी पुलाच्या बुडापासून ९० सेंटिमीटर वर चढलं आणि नेमका तेव्हाच पूल रिकामा असला, तर बाहेरच्या पाण्याचा वर ढकलणारा जोर या वजनाच्या बरोबरीला येतो. त्यापुढे पाणी एकेक इंच चढलं की जवळजवळ टनभर जोर वाढतो. भोवतालची माती पुलाला थोडं धरून ठेवते, पण तिच्यावर विसंबता येत नाही. शेवटी एक कोपरा उचलला जातो, पाइप तुटतात, तळाला भेग जाते. आर्किमिडीजचं तत्त्व शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. बंगल्याच्या आवारातही ते तितकंच लागू आहे.

पूल बांधायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात उन्हाळ्यात येतो. मग आकार, टाइल्सचा रंग, पाण्याखालचे दिवे यांवर घरात चर्चा रंगते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: आपल्या जागेत श्रावणात पाणी किती वर येतं? उत्तरासाठी शेजारच्या विहिरीत डोकावलं तरी पुष्कळ कळतं. विहीर नसेल तर पुलाच्या जागेवर पुलाइतकाच खोल चाचणीचा खड्डा घेऊन तो एक पावसाळा पाहावा. अलिबागसारख्या ठिकाणी वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यामुळे मे महिन्यात कोरडी ठणठणीत वाटणारी जमीन जुलैत तुडुंब भरलेली असते. अशा जागी तळाच्या काँक्रीटखाली खडीचा थर, त्यात भोकं पाडलेले पाइप आणि ते पाणी उपसायला बाजूला एक छोटी विहीर असायलाच हवी. तळातल्या जाळीत एक झडपही बसवता येते. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की ती उघडते आणि जमिनीतलं पाणी पुलात येऊ देते. पाणी गढूळ होतं, पण पूल वाचतो. बिनखर्चाची खबरदारी म्हणजे पावसाळ्यात पूल साफ करायला म्हणून रिकामा न करणं.

विदर्भ-मराठवाड्यात आणि देशावर बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीचा पेच असतो. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात, आणि त्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात. म्हणून पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट बसवलेला पूल दर वर्षी थोडा उचलला आणि थोडा सोडला जातो, तोही सगळीकडून सारखा नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या मातीवर दीर्घ संशोधन केलं. न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा, साधारण मीटरभर जाडीचा थर मध्ये दाबून बसवला तर खालच्या काळ्या मातीचं फुगणं काबूत राहतं, हे त्यांनी दाखवलं. कालव्यांच्या बांधकामात ही पद्धत वापरली गेली. घरच्या पुलासाठी सोपा मार्ग हा, की काळी माती शक्यतो मुरूम लागेपर्यंत काढून टाकायची, भरावाला चांगला मुरूम थराथराने पाणी मारून दाबायचा आणि भिंतींच्या बाहेरही काळी माती परत लोटायची नाही. खोदलेली माती फुकट मिळते म्हणून तीच कडेने भरली जाते, आणि मग ती फुगून भिंतीला आत रेटते.

आपल्याकडे मुख्यत्वे दोन पर्याय मिळतात: जागेवर ओतलेला आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा पूल आणि कारखान्यात साच्यातून काढलेला फायबरचा तयार पूल. फायबरचा पूल लवकर बसतो, गुळगुळीत असल्याने त्यावर शेवाळ कमी धरतं आणि जमिनीची थोडी हालचाल तो सोसतो. मात्र तो हलका असल्याने पाण्याने उचलला जाण्याचा धोका त्याला जास्त, आणि तो अखंड आणायचा म्हणजे गावातल्या वळणांवरून मोठा ट्रक जागेपर्यंत पोचायला हवा. आरसीसीला आकाराचं स्वातंत्र्य आहे, वजनही आहे. त्याच्या भिंतींना भरलेल्या पुलात आतून आणि रिकाम्या पुलात बाहेरून दाब सोसावा लागतो, म्हणून सळईची जाळी दोन्ही अंगांना लागते. एकाच जाळीत काम भागवणारा ठेकेदार स्वस्त पडतो, पण तिथे काटकसर करू नये. उन्हाळ्यात काँक्रीट ओतायचं तर पहाटे किंवा रात्री ओतावं आणि नंतर ते गोणपाटाखाली सतत ओलं ठेवावं. सिमेंट कडक होतं ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने. ४४ अंशांच्या उन्हात ते पाणी आधीच उडून गेलं तर पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात, आणि पुढे तिथूनच गळती सुरू होते.

टाइल्स लावण्याआधी पूल भरून काही दिवस ठेवायचा असतो. पातळी उतरते, ठेकेदार म्हणतो उन्हाने उडालं, मालकाला वाटतं गळतंय. याचा निकाल बादलीने लागतो. पुलाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली अशी ठेवायची की तिच्या आतली आणि बाहेरची पातळी सारखी असेल, आणि दोन्हीकडे खूण करायची. ऊन, वारा दोन्हींना सारखाच लागतो. दोन दिवसांनी पुलातली पातळी बादलीपेक्षा जास्त उतरलेली असेल तर ती गळती.

आता उन्हाळ्याकडे येऊ. हवा ४४ अंशांवर असताना नागपुरातला उघडा पूल तेवढा तापत नाही, याचं कारण बाष्पीभवन. वर घेतलेल्या पुलाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर आहे. मेच्या निरभ्र दिवशी त्यावर सुमारे २०० युनिट इतकी सूर्याची ऊर्जा पडते, युनिट म्हणजे वीजबिलावरचंच. त्याच दिवशी कोरड्या वाऱ्याने आठ मिलिमीटर पाणी उडालं, तर ते जवळपास १७० युनिट उष्णता सोबत घेऊन जातं. विदर्भातल्या घराघरांत खिडकीला लावलेला कूलर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर पूल स्वतःला थंड ठेवतो. आणि ज्या कारणाने कूलर मुंबईत निकामी ठरतो, त्याच कारणाने अलिबागचा पूल मे महिन्यात कोमट राहतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून वारा दिला तर तो जे तापमान दाखवतो, ती बाष्पीभवनाने थंड होण्याची मर्यादा. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ती २३ अंशांच्या आसपास असते. किनाऱ्यावर ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना ती २८ अंशांच्या वर जाते. उन्हातला पूल या मर्यादेपर्यंत उतरत नाही, काही अंश वरच थांबतो. पण कोकणात मर्यादाच वर असल्याने तिथे बाष्पीभवनावर भिस्त ठेवण्यापेक्षा सावलीवर खर्च करणं शहाणपणाचं. पश्चिमेची सावली सर्वांत मोलाची, कारण दुपारनंतरचं ऊन तिकडून येतं. शेडनेटही चालते. पंप आणि कारंजं रात्री चालवलं तर दिवसा मिळालेली उष्णता बाहेर टाकायला मदत होते.

या थंडाव्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. आठ मिलिमीटर म्हणजे या पुलातून दिवसाला सुमारे २५० लिटर. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटरचा निकष आहे. म्हणजे चार-पाच माणसांचं दिवसाचं पाणी रोज हवेत जातं, आणि पहिल्यांदा भरायला ३८ हजार लिटर लागतात ते वेगळेच. आच्छादन घातलं तर पाणी वाचतं, पण थंड होण्याचा मार्गही बंद होतो. पारदर्शक बुडबुड्यांचं आच्छादन तर पाणी चक्क तापवतं, ते थंड प्रदेशांसाठी आहे. आपल्याकडे पांढरं, अपारदर्शक आच्छादन किंवा सावलीची जाळी घ्यावी. ज्या गावाला मार्चपासून टँकर लागतो, तिथे खासगी पूल बांधूच नये असं मला ठामपणे वाटतं. बांधायचाच असेल तर पृष्ठभाग लहान ठेवावा, कारण पाणी उडतं ते पृष्ठभागावरून.

उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. तीन महिने रोज आठ मिलिमीटर म्हणजे ७२ सेंटिमीटर. १.२ मीटर पाणी असलेल्या पुलात हे साठ टक्के झालं. तेवढी भर बोअरच्या पाण्याने घातली, की लिटरमागे ४०० मिलिग्रॅम कठीणपणाचं पाणी मेअखेर ६४० च्या आसपास पोचतं, आणि टाइल्सवर, पाइपांत पांढरा थर बसू लागतो. पावसाळ्यात वरून वाहून जाणारं पाणी हे क्षार पातळ करतं.

क्लोरीनचं गणितही उन्हाने बिघडतं. क्लोरीन पाण्यात पडल्यावर जंतू मारण्याचं खरं काम हायपोक्लोरस आम्ल करतं. ते किती बनेल हे पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर ठरतं: पीएच ७.५ ला निम्मं क्लोरीन या रूपात असतं, पीएच ८ ला जेमतेम पाव. म्हणून पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायचा. त्यातही अतिनील किरण उघड्या पुलातलं क्लोरीन दोन-तीन तासांत जवळजवळ संपवतात. सायन्युरिक आम्ल लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम असेल तर ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं. पण बाजारातल्या टीसीसीए ९० (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) या क्लोरीनच्या गोळ्या विरघळताना वजनाच्या निम्म्याहून जास्त सायन्युरिक आम्लच सोडतात, आणि ते उडून जात नाही. हंगामभर गोळ्याच टाकत राहिलं तर ते शंभरच्या पुढे जातं, क्लोरीन भरपूर दिसतं पण मंदावलेलं असतं आणि पाणी हिरवं पडतं. मग थोडं पाणी बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून गोळ्या आणि द्रवरूप हायपोक्लोराइट आलटून पालटून वापरावं. गोळ्यांची पूड आणि ब्लीचिंगसारखी कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एकाच मगात कधीही मिसळू नये, स्फोट होतो.

कोमट पाण्यात क्लोरीनचा खाडा करणं धोक्याचं आहे. केरळमध्ये २०२४ पासून अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण चर्चेत आले. त्यातला नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा उबदार गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकात शिरलेल्या पाण्यावाटे मेंदूपर्यंत पोचतो. आजार दुर्मीळ आहे, पण बहुतेक वेळा जिवावर बेततो. पुरेसं क्लोरीन असलेल्या पाण्यात तो टिकत नाही.

पूल बांधून झाल्यावर कुंपणाचा खर्च सर्वांत शेवटी येतो, आणि तोच टाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात तीन लाख माणसं बुडून गेली, त्यांत लहान मुलांचं प्रमाण मोठं आहे. लहान मूल बुडताना ओरडत नाही, ओसरीवर बसलेल्यांना काही ऐकूही येत नाही. पुलाच्या चारही बाजूंना निदान १.२ मीटर उंच, चढता न येणारं कुंपण हवं. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप बंद होणारं असावं, कडी मुलाच्या हाताला लागणार नाही इतकी उंच असावी. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच घ्यावेत, त्यांचा ट्रान्सफॉर्मर पुलापासून लांब असावा. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारं स्विच, बसवून घ्यावं आणि त्याचं चाचणीचं बटण दर महिन्याला दाबून पाहावं.