तीन रविवारांचं थांबणं

उपासना संपत आली की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब सूचनांचा कागद काढतात. महिलांची प्रार्थनासभा, संडे स्कूलची वेळ, आणि मग एका मुलाचं नि एका मुलीचं नाव. यांचा विवाह ठरला आहे, कुणाची रास्त हरकत असल्यास कळवावी. तिसऱ्या बाकावरची मुलगी मान खाली घालून गीतांच्या पुस्तकाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबत बसते. हॉल बुक झालेला असतो, पत्रिका छापून आलेल्या असतात, तरी नावं तीन रविवार वाचायचीच. तरुण पोरं विचारतात, हे कशाला? ख्रिस्ती घरांत लग्नाच्या बाबतीत "धीर धर" म्हणतात, त्यामागचा बराच इतिहास या कागदात आहे, असं मला वाटतं.

मध्ययुगात युरोपात दोघांनी एकमेकांना शब्द दिला की लग्न झालं, साक्षीला कुणी नसलं तरी. पुढं एखादा सरळ हात वर करायचा आणि मुलगी उघड्यावर पडायची. म्हणून १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे रोमच्या चर्चच्या धर्मसभेनं, लग्न आधी चर्चमध्ये जाहीर करण्याचा नियम सगळीकडे लागू केला. १५६३ मध्ये ट्रेंटच्या तशाच परिषदेनं तीन वेळा घोषणा, धर्मगुरू आणि साक्षीदार सक्तीचे केले. प्रॉटेस्टंट मंडळ्या रोमपासून वेगळ्या झाल्या, पण त्यांतल्या पुष्कळांनी ही रीत सोडली नाही. दोन माणसांचा "हो" चोरून किंवा घाईत घेतलेला नसावा, एवढ्यासाठी हे थांबणं आलं.

१८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरहून कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं चर्च आजही शहरात आहे. त्या काळी आपल्याकडे आठ-नऊ वर्षांच्या पोरींची लग्नं सर्रास लागत. जोडीदार निवडायचा प्रश्नच नव्हता, कारण निवडणारं माणूस अजून मोठंच झालेलं नसे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात एतद्देशीय ख्रिस्ती लोकांसाठी मुलाचं वय १६ च्या वर आणि मुलीचं १३ च्या वर असावं, अशी अट होती. आज तेरा हा आकडा वाचून अंगावर काटा येतो. त्या काळात मात्र तोही थोडं थांबायला लावणारा होता. आता ती वयं २१ आणि १८ आहेत.

पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, रिबकेची गोष्ट मला यासाठी फार जवळची वाटते. इसहाकासाठी मागणी घेऊन आलेला सेवक दुसऱ्याच दिवशी निघायची घाई करतो, घरचे दहा दिवस मागतात, आणि शेवटी मुलीलाच बोलावून विचारतात, या माणसाबरोबर जातेस का? ती म्हणते, जाईन. तिच्या मुलाची, याकोबाची गोष्ट आपण थोडी चुकीची सांगतो. राहेलसाठी तो चौदा वर्षं थांबला, असं म्हणतात. खरं तर सात वर्षं राबल्यावर राहेलच्या बापानं, लाबानानं, फसवून थोरली लेआ दिली आणि आठवड्याभरात राहेलही दिली. पुढची सात वर्षं याकोब राबला ती लग्नानंतर. लग्नानंतरच्या या धीराबद्दल मंडळीत फारसं कुणी बोलत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षं दोघांनी कशी काढली असतील! संसार मोडायला आला होता, तरी लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या मनानं.

आमच्याच घरातलं सांगते. गेल्या वर्षी पुतणीला गडहिंग्लजकडचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घराणं प्रार्थनेतलं, सगळ्यांना पसंत. बाहेर पोह्यांच्या बशा फिरत होत्या आणि आत ओट्यापाशी आज्जीनं तिला हळूच विचारलं, "जातीस काय गं?"

"आज्जी, मला सहा महिनं पायजेत."

तिचे वडील तडकले. आज्जीनं पदर खोचला आणि स्वतः बाहेर जाऊन पाहुण्यांना सांगितलं. मुलाच्या आईचा चेहरा पडला, पण मुलगा म्हणाला, "थांबतो की." सहा महिने दोघं फोनवर बोलली. नोकरी, घरातलं आजारपण, तिचं पुढचं शिक्षण, एकदा तर चांगलं कडाक्याचं भांडणही.

परवाच्या रविवारी त्यांची नावं दुसऱ्यांदा वाचली.